परवानगी केबलला, भार खांबाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेच्या आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर इंटरनेटच्या केबल बांधण्याबाबत आपल्याकडच्या महापालिका आणि नगरपालिका आलटूनपालटून दोनच गोष्टी करतात. आधी वर्षानुवर्षे काणाडोळा, आणि मग कुठे दुर्घटना झाली किंवा मिरवणुका तोंडावर आल्या की कटर घेतलेली गाडी. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूर भागात जन्माष्टमीच्या मिरवणुकीतील रथाला वीज लागून पाच जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथे खांबांवरच्या केबल सरसकट उतरवायला सुरुवात झाली आणि वाद उच्च न्यायालयात गेला. आपल्या शहरांतही असे व्हायला फार काही लागत नाही.

मूळ अडचण परवानगीच्या कागदातच आहे. अर्ज कंपनी करते, शुल्क कंपनी भरते, मंजुरी मिळते ती लांबीवर. अमुक चौक ते तमुक चौक, ३.२ किलोमीटर. दोन खांबांमधला गाळा ४० मीटरचा धरला तर त्यात ८० खांब येतात. त्यांतला कुठला बुडाशी गंजला आहे, कुठला वळणावर आहे, कुठल्यावर आधीच नऊ केबल आहेत, याची नोंद त्या कागदावर नसते. आमचे म्हणणे एवढेच आहे की परवानगी रस्त्याला न देता खांबाला द्यावी. प्रत्येक खांबाला क्रमांक असावा आणि त्या क्रमांकासमोर तो आणखी किती घेऊ शकतो हे लिहिलेले असावे.

आधी उंची पाहू. शहरातल्या जुन्या गल्ल्यांत ८ मीटरचा सिमेंटचा खांब सर्रास दिसतो. त्यातला दीड मीटर जमिनीत जातो, वर उरतो साडेसहा. टोकापासून खाली तीन फेज, न्यूट्रल आणि दिव्याची तार अशा एकाखाली एक लावल्या की सर्वांत खालची तार साडेपाच मीटरच्या आसपास येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे ६५० व्होल्टपर्यंतची उघडी वाहिनी रस्त्याच्या कडेने किमान ५.५ मीटर आणि रस्ता ओलांडताना किमान ५.८ मीटर उंच हवी. म्हणजे वीज कंपनीचेच इथे जेमतेम भागते, किंवा भागतही नाही. आता इंटरनेटची केबल या तारेच्या खाली हवी आणि मध्ये माणसाला सुरक्षितपणे हात घालता येईल एवढी मोकळी जागा हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत सुरक्षा संहितेत हे अंतर ४० इंच, म्हणजे साधारण १ मीटर धरले जाते, आणि ते उगाच नाही. केबलवाल्याचा माणूस शिडीवर उभा राहून हात वर करतो, तेव्हा त्याच्या पंज्याचे टोक कुठे जाते, त्याचा तो हिशेब आहे. साडेपाचातून एक गेला, उरले साडेचार. गाळ्याच्या मध्यावर केबल खाली लोंबते तो झोळ ४० सेंटिमीटर धरला की केबल ४.१ मीटरवर येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरला ४.५२ मीटर आणि दुमजली बसला ४.७५ मीटर उंची मान्य आहे. तेव्हा ८ मीटरच्या खांबावरून रस्ता ओलांडणारी केबल नियमात बसूच शकत नाही, मग बांधणारा कितीही कुशल असो. फुटपाथच्या वरून, कडेकडेने चालेल. ओलांडायचे असेल तर जमिनीखालून पाइप टाकून. ही एकच अट प्रत्येक परवानगीत घातली तर ट्रकने ओढून नेलेल्या केबलींच्या बहुतेक तक्रारी उरणार नाहीत.

९ मीटरच्या खांबावर परिस्थिती बरी असते. कडेने नेलेली केबल मध्यावर पाच मीटरच्या वर राहते. जिथे उघड्या तारा काढून एरियल बंच केबल (आवरण असलेल्या तारांचा एकत्र पीळ) टाकली आहे, तिथेही जागा मोकळी होते. म्हणूनच सगळ्या शहराला एक नियम लावून उपयोग नाही. खांबाचा प्रकार पाहावा लागतो.

आता भार. केबलचे वजन किरकोळ असते, त्यामुळे ‘एका केबलने काय होतंय’ हा युक्तिवाद सगळ्यांना पटतो. २४ कोअरची, म्हणजे आत २४ काचेचे तंतू असलेली, स्वतःच्या आधारावर लटकणारी केबल मीटरला ८० ग्रॅमच्या आसपास असते, ४० मीटरच्या गाळ्यात सव्वातीन किलो भरत नाही. पण खांबाला मोडते ते वजन नाही, ओढ. हिशेब सोपा आहे: दर मीटरचे वजन गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले झोळाच्या आठपट. ४० सेंटिमीटर झोळ ठेवला तर ओढ ४० किलो येते. तीच केबल नीटनेटकी दिसावी म्हणून ताणून झोळ २० सेंटिमीटरवर आणला की ओढ ८० किलो. खालून पाहणारा खूश होतो आणि खांबावर दुप्पट जोर पडतो.

सरळ रांगेतल्या खांबावर ही ओढ दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने एकमेकींना मारते. वळणावर तसे होत नाही. काटकोनात वळणाऱ्या ४० किलोच्या केबलची आतल्या बाजूची ओढ ५६ किलो होते. अशा पाच केबल म्हणजे २८० किलो. ८ मीटरच्या सिमेंटच्या खांबाचा कार्यभार, म्हणजे त्याने सुरक्षितपणे सोसायची बाजूची ओढ, साधारण १४० किंवा २०० किलो असतो आणि तो टोकापासून ६० सेंटिमीटर खाली मोजलेला असतो. केबल त्याहून खाली बांधलेली असल्याने थोडी सूट मिळते, तरी २८० चे २१५ च्या आसपास उरतातच, आणि यात वीज कंपनीच्या स्वतःच्या तारा धरलेल्या नाहीत. खांब लगेच मोडत नाही, कारण त्याच्या रचनेत जादा ताकद ठेवलेली असते. ती ताकद वादळासाठी राखलेली असते. ती रोजच खर्च होत राहिली की पहिल्या वळवाच्या वाऱ्याला खांब चौकात आडवा.

वाऱ्याचेही बघा. १० मिलिमीटर जाडीची केबल ४० मीटर गाळ्यात वाऱ्याला ०.४ चौरस मीटर अंग देते. सुट्या दहा केबल म्हणजे ४ चौरस मीटर. साडेसहा फूट बाय साडेसहा फुटांचा फ्लेक्स त्या गाळ्यात ताणून बांधल्यासारखेच झाले. फ्लेक्सला आकाशचिन्हाची (जाहिरात फलकाची) वेगळी परवानगी लागते, केबलच्या जुडग्याला कुणी विचारत नाही.

म्हणून परवानगी देताना वळणावरचे आणि शेवटचे खांब वेगळे काढावेत. तिथे ओढीच्या उलट दिशेला स्टे, म्हणजे खांबाला जमिनीशी तिरके बांधून धरणारी तार, असला पाहिजे, स्टेवर इन्सुलेटर असला पाहिजे, आणि स्टेला फुटपाथवर जागा नसेल तर त्या खांबावर नव्या केबलला सरळ नकार द्यावा. रोहित्राचा दुहेरी खांब, एबी स्विचचा (वाहिनीचा पुरवठा तोडायच्या स्विचचा) खांब आणि ११ केव्हीची उच्च दाबाची वाहिनी जाणारा खांब या तिन्हींना हात लावायचाच नाही. तिथे लाइनमनला रात्री-बेरात्री घाईत चढावे लागते. त्याच्या पट्ट्यात आणि खांबात दहा केबलींचा गुंता आला तर तो सुरक्षा पट्टा काढून वर जातो, आणि अपघात तिथेच होतो. बाकीच्या खांबांवरही शिडी टेकण्याची एक बाजू पूर्ण मोकळी राहिली पाहिजे.

बांधायचे कसे, हा तपशील नियमात असायला हवा, कारण खरी हानी तिथे होते. सिमेंटच्या खांबाला भोक पाडायचे नाही. आतल्या ताणलेल्या सळ्यांपैकी एक कापली गेली की खांबाची ताकद गेली, बाहेरून काही दिसत नाही. दिव्याचा अष्टकोनी खांब म्हणजे तीन-एक मिलिमीटरचा जस्त चढवलेला पत्रा. तो दिवा आणि त्याचा हात पेलायला केलेला असतो, बाजूची ओढ सोसायला नव्हे. त्याला भोक किंवा वेल्डिंग केले की जस्त जाते आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज खाली उतरतो. दोन्ही प्रकारांत पकड हवी ती स्टेनलेस स्टीलच्या पट्टीची, २० मिलिमीटर रुंद, दोन वेढे, बकल लावून. बाइंडिंग वायर चालणार नाही. ती सिमेंटच्या कडेवर घासून तुटते. पांढरे नायलॉनचे टाय तर उन्हात वर्ष-दोन वर्षांत बिस्किटासारखे तुटतात. रस्त्यावर लोंबणाऱ्या केबलींचे मूळ पुष्कळदा या दोन रुपयांच्या टायमध्ये असते. वळणावर आणि शेवटी केबलची ओढ धरून ठेवणारी डेड-एंड ग्रिप, सरळ रांगेत केबल नुसती टांगून धरणारा सस्पेन्शन क्लॅम्प. केबल खांबाला गुंडाळून पुढे नेणे बंद.

याहून चांगली पद्धत अशी की खांबाच्या मालकानेच ठरलेल्या उंचीवर एक सामाईक ब्रॅकेट बसवावे आणि त्या खांबाच्या हिशेबाने त्याला हुक ठेवावेत, सरळ खांबावर सहा, वळणावर दोन किंवा शून्य. हुक संपले की खांब भरला. कनिष्ठ अभियंत्याला तपासायला वर चढावे लागत नाही, आणि फुटपाथवरून जाणाऱ्या नागरिकालाही हुकाबाहेरची केबल बेकायदा आहे हे कळते. नव्या कंपनीला जागा नसेल तर तिने आधीच्या कंपनीच्या केबलमधल्या रिकाम्या कोअर भाड्याने घ्याव्यात. बहुतेक केबलींत त्या असतातच.

‘फायबरमध्ये करंट नसतो, त्यामुळे धोका नाही’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. काचेच्या तंतूत नसतो हे खरे. पण घरापर्यंत जाणाऱ्या स्वस्त ड्रॉप केबलच्या कडेला आधाराची पोलादी तार असते. वरची उघडी फेज तुटून तिच्यावर पडली की ती तार करंट घेऊन गल्लीभर जाते, दिव्याच्या लोखंडी खांबापर्यंत, आणि जिथे ती खिळ्याने ग्रिलला अडकवलेली असते त्या घरापर्यंत. म्हणून विजेच्या खांबावर धातू नसलेली, एफआरपी (काचतंतू आणि प्लास्टिकच्या) दांडीची केबलच घ्यावी. पोलादी तारेचीच असेल तर ती अर्थ केलेली, म्हणजे जमिनीशी जोडलेली हवी. शिवाय विजेच्या खांबांवरून जाणाऱ्या दूरसंचार वाहिनीच्या तारेची तुटण्याची ताकद किमान २७० किलो असावी, अशी तरतूद आपल्या विद्युत सुरक्षा नियमांत पूर्वीपासून आहे. त्या काळी नजरेसमोर टेलिफोनची तार होती, पण तत्त्व आजही लागू पडते. चपटी ड्रॉप केबल त्याच्या जवळपासही जात नाही. ती शेवटच्या खांबावरून घरापर्यंतच्या एका उडीसाठी असते. अनेक गल्ल्यांत खांबामागून खांब सगळी वाहिनी ड्रॉपवरच चालवलेली आहे, कारण ती स्वस्त पडते आणि एका माणसाला एका शिडीवर ओढता येते.

पेट्यांचे दोन प्रकार नियमात वेगळे केले पाहिजेत. स्प्लिटरच्या पेटीला वीज लागत नाही. एका फायबरचे ८, १६ किंवा ३२ भाग करणारा तो निव्वळ काचेचा तुकडा असतो. ती हलकी असते, पावसाला बंद असावी आणि तोंड खाली असावे, एवढे पुरे. वीज लागणारी पेटी, म्हणजे जुन्या पद्धतीचे स्विच, अॅम्प्लिफायर, वायफायचे यंत्र, आता येऊ घातलेले ५जीचे छोटे सेल (मोबाइलची छोटी प्रक्षेपण यंत्रे), ही वेगळीच गोष्ट आहे. दिव्याच्या खांबाला वीज संध्याकाळी मिळते आणि सकाळी बंद होते. इंटरनेट मात्र दिवसभर चालायला हवे. मग शेजारच्या दुकानातून एक वायर येते. आता एकाच लोखंडी खांबावर दोन ठिकाणांहून वीज झाली. दिवाबत्तीचा कर्मचारी फीडर पिलरमधून, म्हणजे दिव्यांना वीज देणाऱ्या रस्त्यावरच्या पेटीतून, दिवे बंद करतो, खांब मेला समजून खांबाचा दरवाजा उघडतो, आणि दुसऱ्या बाजूची वीज तशीच जिवंत असते. वीज लागणाऱ्या प्रत्येक पेटीला स्वतंत्र मीटर, ३० मिलिअँपिअरचा गळती रोधक स्विच, स्वतंत्र अर्थिंग आणि ‘इथे दुसरा पुरवठा आहे’ अशी पाटी, यांपैकी एक नसेल तर ती त्याच दिवशी उतरवावी. या बाबतीत मुदत देण्याचे कारण नाही.

खांबावरच्या केबलच्या वेटोळ्यांबद्दल थोडक्यात. दुरुस्तीसाठी जादा केबल ठेवावी लागते, पण ती प्रत्येक खांबावर नव्हे, जोडाच्या खांबावर. वेटोळे केबलच्या जाडीच्या वीसपटीहून लहान वळणाचे नसावे. टायने आवळून आठ आकडा केलेल्या वेटोळ्यांत प्रकाश गळतो आणि ग्राहक राउटरला शिव्या देतो.

आता मृत केबल. ग्राहक कंपनी बदलतो, नवी केबल येते, जुनी कुणी काढत नाही. काढायला मजुरी लागते आणि काढलेल्या केबलला भंगारात भाव नाही, आत तांबे नसते. गल्लीतला निम्मा गुंता अशा केबलींचा असू शकतो, पण चालू कुठली आणि मेलेली कुठली हे जमिनीवरून कळत नाही. फायबरमध्ये प्रकाश आहे का हे दाखवणारा चिमटा मिळतो, पण तो सुट्या फायबरवर किंवा बारीक कॉर्डवर चालतो, जाड केबलवर नाही. तेव्हा ओळख पाटीवरूनच पटली पाहिजे. प्रत्येक खांबावर, प्रत्येक केबलला, उन्हात न उडणारी पाटी: कंपनीचे नाव, परवानगी क्रमांक, कोअर किती, बांधल्याचे वर्ष, चोवीस तास लागणारा फोन. अक्षरे फुटपाथवरून वाचता येतील एवढी. पाटी लावायला एकदाच ६० दिवस द्यावेत, मग बिनपाटीच्या केबलींची खांब क्रमांकानुसार यादी प्रसिद्ध करावी, आणखी १५ दिवसांनी त्या उतरवाव्यात. परवानगी देतानाच खांबामागे अनामत घ्यावी, म्हणजे उतरवण्याचा खर्च करदात्यावर पडत नाही.

हे न करता कटर चालवला की काय होते तेही सांगायला हवे. २४ कोअरच्या केबलमधला प्रत्येक कोअर पुढे ३२ घरांना गेला असेल तर कात्रीच्या एका दाबात ७६८ घरे, दवाखाने, दुकाने बंद पडतात. जोडताना दोन्ही टोके एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, मध्ये नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे २४ नव्हे ४८ जोड. सोलणे, पुसणे, कापणे, जोडणे, जोडावरची संरक्षक बाही तापवणे धरून एकाला पाच मिनिटे लागली तरी चार तास. घाईत हे काम करणारा माणूस दुसऱ्या दिवशी केबल टायनेच बांधून जातो, आणि महिन्याभरात गल्ली पुन्हा होती तशी.

कायद्याची बाजू पालिकांना वाटते तितकी दुबळी नाही, पण आळशाला मदत करणारीही नाही. दूरसंचार कायदा २०२३ खालचे मार्गाधिकाराचे (केबल नेण्यासाठी जागा वापरण्याच्या हक्काचे) नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. त्याआधीच्या २०१६ च्या नियमांत ६० दिवसांत निर्णय न दिल्यास परवानगी मिळाली असे समजण्याची तरतूद होती, आणि निर्णयाला कालमर्यादा आजही आहे. खांबांची यादी तयार नसेल तर ही मुदत फायली फिरण्यात जाते आणि एकही खांब न पाहता परवानगी मिळून जाते. शुल्कातूनही फार काही हाती लागणार नाही. २०२२ च्या दुरुस्तीत रस्त्यावरच्या खांबावरून केबल नेण्यासाठी खांबामागे वर्षाला १०० रुपये, आणि छोट्या सेलसाठी शहरात ३००, ग्रामीण भागात १५० रुपये असे दर ठरवले गेले. एवढ्या पैशांसाठी खांब भाड्याने देण्यात अर्थ नाही. पालिकेच्या हातात खरी ताकद आहे ती तांत्रिक अटींची, आणि त्या अर्ज येण्याआधी लिहून ठेवाव्या लागतात.

खांब वीज कंपनीचा असेल तर पालिकेची परवानगी पुरत नाही, मालकाची संमती लागते. ही गोष्ट दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवायला वापरतात. वीज कायदा २००३ च्या कलम ५१ प्रमाणे अशा इतर व्यवसायाच्या उत्पन्नाचा हिस्सा वहन आकार (वीज वाहून आणण्याचे शुल्क) कमी करण्यासाठी वापरायचा असतो. म्हणजे खांबाच्या भाड्याची नोंद नीट ठेवली जाते की नाही, याच्याशी वीज ग्राहकाचाही संबंध आहे. पालिका आणि वीज कंपनी यांनी खांबांची एकच यादी, एकाच क्रमांकाने ठेवावी. सर्वेक्षणाला दोन माणसे, उंची मोजायची इन्सुलेटेड काठी आणि फोनवरचा नकाशा एवढेच लागते. बुडाशी हातोडीने ठोकून आवाज ऐकला आणि दरवाजा उघडून आत पाहिले तरी लोखंडी खांबाची बरीचशी प्रकृती कळते.

शेवटचा मुद्दा खांब बदलण्याचा, कारण नियमांच्या मसुद्यांत तो हमखास राहून जातो. गाडी आदळते, वीज कंपनी शेजारी नवा खांब उभा करून आपल्या तारा त्यावर नेते, आणि जुना खांब मोडका, बुडाशी तडा गेलेला, केवळ सहा कंपन्यांच्या केबलींच्या आधाराने उभा राहतो. त्याला हात लावायचा तर सहा जणांना बोलवावे लागते आणि सहा जण एका दिवशी येत नाहीत. परवानगीतच लिहून घ्यावे: सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत, तातडीच्या प्रसंगी २४ तासांत केबल नव्या खांबावर हलवायची. नाही हलवली तर खांबाचा मालक सगळ्यांच्या केबल एकाच माणसाकडून हलवून घेईल आणि खर्च अनामतीतून वळता करील. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१८ मध्ये साध्या कामांसाठी याच धर्तीवर, एकाच ठेकेदाराने एका फेरीत सगळ्यांच्या केबल सरकवण्याची मुभा दिली. आपल्याकडे त्यासाठी आयोगाची गरज नाही, परवानगीच्या नमुन्यात एक कलम वाढवले की झाले.

आपले,
खांबांवर काम करणारे फायबर आणि वीज तंत्रज्ञ